फुंकर घातलेलं पाणी

सबिहा लातूरच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. किडनी विभागाच्या दाराशी ती नेहमीसारखी थांबली. नाकावरची मास्कची पट्टी दोन बोटांनी घट्ट दाबली, आणि मग तिच्या लक्षात आलं की दाराशेजारची पाटी नाही. ‘मास्कशिवाय आत येऊ नये’ अशी ती निळी पाटी होती. तिच्या जागी स्क्रूंची चार भोकं होती आणि उन्हाधुळीपासून वाचलेला भिंतीचा एक उजळ चौकोन.

आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांची तोंडं दिसली. चौदा महिने या माणसांना ती डोळ्यांवरून ओळखत होती. डायलिसिसचं मशीन चालवणाऱ्या माणसाला मिशा होत्या. वॉर्डातल्या नीलाबाई मावशींना वरचा एक दात नव्हता. हे तिला त्या सोमवारी पहिल्यांदा कळलं.

“बघा की सबिहाताई, आता मानसावानी दिसायलोत आमी!” नीलाबाई हसून म्हणाल्या. “बारा बारा घंटे तोंड बांधून कानामागं फोड आले होते. घोटभर पानी पियाचं तर खाली जावं लागायचं.”

“पाटी कुणी काढली, मावशी?”

“वरून कागद आला. सरकारनं कवाच काढून टाकलं म्हनं सगळीकडचं. आपल्याकडंच उगं जास्त दिवस चाललं.”

“पण आमच्यासारख्यांचं कसं?”

“तुमी लावा की! तुमाला कुनी नको म्हनलंय?” नीलाबाईंनी अगदी मनापासून सांगितलं. “आन तुमचं तर वरून नकाब बी हाय. दुहेरी बंदोबस्त.”

सबिहा हसली, पण ते हसू कुणाला दिसलं नाही. मास्क लावणाऱ्याचा श्वास अडवतो तो दुसऱ्यासाठी, हे तिला हैदराबादच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. समोरच्याचं तोंड उघडं असेल तर आपल्या एकटीच्या मास्कने अर्धंच काम होतं. नकाबाच्या जाळीदार कापडाने तर काहीच होत नाही. हे नीलाबाईंना समजावत बसावं असं तिला क्षणभर वाटलं. पण त्यांच्या कानामागचे लाल चट्टे तिला दिसत होते. ती तपासणीसाठी रक्त द्यायला पुढे गेली.

सबिहाचं वय चौतीस. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तिच्या नवऱ्याचा, अजहरचा, लग्नपत्रिका छापायचा कारखाना. अजहर मशीन चालवायचा आणि सबिहा संगणकावर मजकूर जुळवायची. शिवपार्वतीच्या चित्राखाली मराठी, चांदताऱ्याखाली उर्दू, आणि उदगीर-निलंग्याकडची गिऱ्हाइकं आली तर कधी चार ओळी कानडीसुद्धा. तिच्या हातून गेलेल्या पत्रिकेत चूक सापडत नाही अशी तिची ख्याती होती. मुलीच्या, अर्शीच्या, वेळी गरोदरपणात वाढलेला रक्तदाब नंतर उतरलाच नाही, आणि सहा वर्षांनी दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. नांदेडहून तिचे वडील जलीलमियाँ आले आणि म्हणाले, माझी घ्या. मग हैदराबादला ऑपरेशन झालं.

त्या दिवसापासून सबिहाच्या गोळ्या सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, एक मिनिट इकडेतिकडे नाही. शरीराचा पहारेकरी त्या गोळ्यांनी झोपवून ठेवायचा, म्हणजे तो परक्या किडनीवर धावून जात नाही. पण चोर आला तरी तो झोपलेलाच राहतो. म्हणून भाजी मिठाच्या पाण्यात, पाणी सीलबंद बाटलीचं, आणि अर्शीला शाळेतून सर्दी आली की तिचं अंथरूण आजीच्या खोलीत. सहा-सात वर्षांची पोर दारात उभी राहून हात हलवायची. सबिहाही इकडून हात हलवायची.

रक्त देऊन ती बाकावर टेकली तोच शेजारी चंद्रप्पा येऊन बसले. चाकूरला त्यांचं किराणा दुकान होतं. आता मुलाकडे सोपवून ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचे. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि कान जवळजवळ गेलेले. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं कळायचं.

“शरणु शरणार्थी, बाई! आज बरं वाटायलंय बघा,” ते हात जोडून मोठ्याने म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे सगळ्या हॉलने माना वळवल्या. “दोन वरसं मी मुक्यांच्या गावात होतो. कोन काय इचारतंय कळायचं न्हाई. नुसती मान हालवायचो. मशीनवरच्या पोरीनं इचारलं, मला वाटलं म्हनती, बीपीची गोळी खाऊन आलाव का? मी म्हनलं हाव. तिनं इचारलं होतं, खाल्ली न्हाई ना? मशीनवर बीपी पार उतरलं, डोळे पांढरे झाले माझे. पोरगा वीरेश रडायला लागला.”

“अरे देवा,” सबिहा म्हणाली.

“काय?”

“मी म्हटलं, फार वाईट झालं.”

“तोंड दाखव की, बाई! तुझं काय कळंना गेलंय. सगळ्यांनी काढलं, तू कशाला नव्या नवरीवानी झाकून बसलीस?” आणि ते खो खो हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, हात तोंडापर्यंत पोहोचायच्या आत.

सबिहा उठली. सहज उठल्यासारखं दाखवून ती खिडकीपाशी गेली आणि उघड्या फटीजवळ तोंड नेऊन उभी राहिली. म्हाताऱ्याचा राग यावा असं काही नव्हतं. त्याला मास्कने मारलं असतं, हे खरंच होतं. आणि तिला मास्क नसण्याने. दोघंही एकाच बाकावरची माणसं. पाटी काढताना यातलं कुणाला काही विचारलं गेलं असेल असं तिला वाटेना.

रिपोर्ट दुपारी आला. किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा, क्रिएटिनिनचा जो आकडा चौदा महिने एक-पूर्णांक-एकच्या पुढे गेला नव्हता तो एक-पूर्णांक-आठ झाला होता. डॉ. संगमेश यांनी कागद दोनदा वाचला.

“घाबरू नका. शरीर किडनीला थोडं ओरखडायला लागलंय. आजच भरती व्हा. तीन दिवस इंजेक्शनं देऊ, बहुतेक आटोक्यात येईल.” मग त्यांनी चष्मा काढला. “पण या इंजेक्शनांनी तुमची ताकद पार खाली जाईल. साधा खोकलासुद्धा महागात पडेल. माणसं फार येऊ देऊ नका.”

“डॉक्टरसाहेब, दारावरची पाटी तेवढी…”

“ते माझ्या हातात नाही हो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं. “तुमच्या माणसांना तुम्हीच सांगा ना. घरचीच तर आहेत. ऐकतील.”

घरचीच आहेत म्हणूनच तर सांगता येत नाही, हे डॉक्टरांना कसं समजावं? आपल्याकडे कुणी दवाखान्यात पडलं आणि भेटायला गेलं नाही तर त्याचा बोल वर्षानुवर्षं राहतो. सबिहाच्या घरात तर आजाऱ्याला भेटणं पुण्याचं काम, त्याला नाव इयादत. ऑपरेशननंतर हैदराबादहून ती इथल्या वॉर्डात आली तेव्हा सगळं नांदेड आणि अर्धं लातूर तिच्या खाटेभोवती जमलं असतं, पण दारावर पाटी होती. नीलाबाई हाताने पाटी दाखवायच्या आणि माणसं खालूनच केळी ठेवून परत जायची. कुणाला राग आला तर तो पाटीचा आला. सबिहाला कुणाला एक शब्द बोलावा लागला नव्हता.

आता मंगळवारी एका दिवसात अकरा माणसं आली. तिने ती मोजली. कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक मुरुडहून आलं आणि तिच्या खाटेच्या कडेला बसून मुलीच्या पत्रिकेचा मजकूर विचारायला लागलं. शेजारीण नाक पुसत आली. “काही नाही, हवा बदलली ना,” म्हणाली. सबिहा पडल्या पडल्या खोकले मोजत होती. कोणता कोरडा, कोणता ओला, किती हातांवर. एवढीशी शिंक ऐकली की तिची पाठ घामाने भिजायची. सलाईनच्या नळीतून इंजेक्शन थेंब थेंब आत जात होतं आणि प्रत्येक थेंबाबरोबर पहारेकरी अधिक गाढ झोपतोय असं तिला वाटायचं.

संध्याकाळी ती अजहरला म्हणाली, “तुम्ही दारात उभे राहा. सांगा, भेटू देत नाहीत.”

“कोण देत नाही? सगळ्यांना दिसतंय ना, कुणी अडवत नाही ते.” अजहरने मान खाली घातली. “आणि उद्या खाला येणार आहेत. त्यांना काय सांगू?”

सबिहा उठून बसली. “खालाला कुणी सांगितलं?”

“तुझ्या अब्बांनी. फोनवर.”

“त्यांना तीन आठवड्यांपासून खोकला आहे, अजहर. मागच्या जुम्म्याला फोनवर धड बोलता येत नव्हतं.”

“मग तू सांग त्यांना, येऊ नका म्हणून. मी जावई माणूस. मी सांगितलं तर नांदेडचा अख्खा इतवारा म्हणेल, अजहरने खालाला दारातून परत पाठवलं.”

सबिहाने फोन हातात घेतला. नंबर काढला. मग फोन उलटा करून उशीखाली ठेवला.

हसीना खाला म्हणजे सबिहाच्या आईची धाकटी बहीण. सबिहा चार वर्षांची असताना आई गेली आणि खालाने तिला पदराखाली घेतलं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला. नांदेडला इतवाऱ्यात दोन खोल्या आणि शिलाई मशीन, त्यावर खालाचं आयुष्य गेलं. सबिहाला ताप आला की खाला उशाशी बसून कुराणातली आयत पढायची आणि तिच्या कपाळावर, छातीवर फुंकर घालायची. त्याला दम करणं म्हणतात. त्या फुंकरीला वेलची आणि पानाचा वास यायचा आणि सबिहाला खात्रीने झोप लागायची. ऑपरेशनच्या वेळी खालाला आत सोडलं नाही. तिने फोनवरून दम केला. सबिहाने फोनचा स्पीकर कपाळाला लावला, आणि पलीकडून खालाच्या फुंकरीचा नुसता खरखर आवाज आला. “फोनपर क्या दम होता गे,” असं खाला त्यानंतर किती वेळा म्हणाली असेल. ती राहिलेली फुंकर घालायला आता ती येणार होती.

बुधवारी बारा वाजून वीस मिनिटांनी खाला आली. तिच्याआधी तिचा खोकला आला. जिन्यातून, मग लांबलचक हॉलमधून. सबिहाने तो ओळखला आणि चादर मुठीत धरली. नीलाबाईंनी दारात फक्त “सावकाश या, आजी” एवढंच म्हटलं.

“क्या हुआ गे मेरी बच्ची को?” खालाने बुरखा मागे सारला. ती वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. “कित्ती फिक्की पडली! अजहर, खाने को देते की नहीं इसको?”

“देतो, खाला,” अजहर म्हणाला आणि औषधं आणायचं निमित्त करून खाली गेला.

“खाला, तुम्ही त्या खुर्चीवर बसा ना. तिथे पंखा लागतो.”

“पंखे को क्या चाटना है?” खाला खाटेवरच बसली. “और ये क्या लगा के बैठी? मेरे से पर्दा करती क्या तू?”

“डॉक्टरांनी सांगितलंय, खाला.”

“डॉक्टरां को बोल, तेरी टट्टी-पेशाब मैं धोई. मेरे से कायका पर्दा.”

मग खालाने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. सबिहाला पुढचं सगळं पाठ होतं. आधी हळू पुटपुटणं, मग दोन्ही हात वर, मग पुढे झुकणं, आणि मग फुंकर. खालाच्या छातीतून पढता पढता घरघर ऐकू येत होती. चेहरा जवळ येत होता. सबिहाचं डोकं भिंतीला टेकलं, मागे जायला जागा नव्हती.

“खाला!” तिच्या तोंडून निघून गेलं. “माझ्यावर नको. पाण्यावर करा. पाण्यावर दम करा, मी दिवसभर पीत राहीन.”

तिला वाटलं, आपण सुटलो. पाण्यावर दम करायचीही रीत आहेच. बाटलीला झाकण लावून बाजूला ठेवता येईल. खालाचं मन राहील आणि श्वास बाटलीत जाईल.

खालाला ती कल्पना पसंत पडली. तिने स्टुलावरची सीलबंद बाटली उघडली, तोंडाजवळ धरली आणि पहिल्यापासून पढायला सुरुवात केली. तीनदा फुंकर घातली. तिसऱ्या फुंकरीला तिला खोकल्याची उबळ आली, बाटली तोंडाशीच असताना. मग पदराने ओठ पुसून तिने बाटली पुढे केली.

“ले. तीन घूँट. बिस्मिल्ला बोल के. मेरे सामने.”

सबिहा बाटलीकडे पाहत राहिली. आता नाही म्हणायचं तर खालाच्या तोंडावर म्हणायचं, तुझ्या फुंकरीची मला भीती वाटते. हे वाक्य तिने मनात जुळवून पाहिलं. प्रत्येक शब्द बरोबर होता आणि तरी ते उच्चारता येत नव्हतं. तिने मास्क हनुवटीखाली ओढला, ओठ घट्ट मिटले, बाटली टेकवली आणि तीनदा गळा हलवला. पाण्याचा थेंबही आत गेला नाही.

“शाबास.” खालाचे डोळे भरून आले. “अब देख, कैसी अच्छी होती तू.”

सबिहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्क वर ओढायला तिचा हात उचलला होता. तेवढ्यात खाला म्हणाली, “रहने दे जरा. कित्ते दिनां हुए तेरा मुँह देखके.”

पाण्याच्या बाबतीत आपण हिला फसवलं. निदान तोंड तरी बघू दे, असं सबिहाच्या मनात आलं. तिने हात खाली घेतला. खाला तिच्या गालावरून हात फिरवत राहिली, इतवाऱ्यातल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगत राहिली, मधेच हसत, मधेच खोकत. खिडकी बंद होती, कारण खालाला वारा सोसत नव्हता. दोनला दहा मिनिटं कमी असताना ती एसटीला जायला उठली. दीड तास झाला होता.

“आजीबाईचा खोकला बरा न्हाई, ताई,” ती गेल्यावर नीलाबाई म्हणाल्या. “आमच्या दिराला असाच होता.”

दम केलेलं पाणी मोरीत ओतत नाहीत. अजहरने ती बाटली खाली नेऊन फाटकाजवळच्या कण्हेरीच्या मुळाशी रिकामी केली. तो ओतत असताना सबिहा खिडकीतून बघत होती. मातीने पाणी पिऊन टाकलं तेव्हा तिने सुस्कारा सोडला. वाचलो, असं तिला वाटलं.

आकडा खाली आला. शनिवारी ती घरी गेली. अर्शीचं अंथरूण पुन्हा तिच्या खोलीत आलं.

बावीस दिवसांनी जलीलमियाँचा फोन आला. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाले, “बेटा, हसीनाच्या थुंकीची तपासणी झाली. टीबी निघाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सबिहा डॉ. संगमेश यांच्यासमोर बसली होती आणि पाण्याची सगळी हकीकत भरभर सांगत होती. ओठ कसे मिटले, थेंबही कसा आत गेला नाही, बाटली कुठे ओतली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

“पाण्याचं सोडा,” ते म्हणाले. “पाण्यातून तो लागत नाही. तो हवेतून लागतो. त्या तुमच्याजवळ किती वेळ होत्या?”

सबिहाला उत्तर माहीत होतं. “दीड तास.”

“त्यांना मास्क होता?”

“नाही.”

“तुम्हाला?”

सबिहाने हनुवटीखाली बोट नेऊन दाखवलं.

डॉक्टर बराच वेळ काही लिहीत होते. एक्स-रे आज स्वच्छ आहे, ते म्हणाले, पण आजचं काही सांगता येत नाही. तो आत शिरून महिनोन् महिने, कधी दोन वर्षंसुद्धा, गप्प बसून राहतो. आजपासून आणखी एक गोळी, सहा महिने. ती यकृताला सोसते की नाही हे बघायला दर पंधरवड्याला रक्त. रोज संध्याकाळी ताप मोजायचा. वजन उतरलं, रात्री घाम आला, खोकला आला तर त्याच दिवशी यायचं. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “माझंच चुकलं. तुम्हीच सांगा म्हणालो.”

घरी येऊन तिने आधी अर्शीचं अंथरूण उचललं. “आई, मला सर्दी नाही,” अर्शी म्हणाली. सबिहा गादीची घडी घालत राहिली.

संध्याकाळी खालाचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

“सबिहा, तू वो पानी पिई थी ना?”

सबिहाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बोल ना गे! मैं तीन दिन से सोई नहीं. मेरे हाथ से पिलाई मैं तेरे को. मेरी थूक का पानी. अल्ला मेरे को माफ करेगा क्या…”

“खाला, रडू नका. मी प्याले नव्हते.”

“क्या?”

“मी ओठ मिटून घेतले होते. नुसता गळा हलवला. तुमच्या खोकल्याची मला भीती वाटली होती, खाला. मी तुम्हाला फसवलं.”

पलीकडून खालाचा हसण्याचा आवाज आला, हसता हसता रडण्याचा, आणि मग ती लांबलचक उबळ. अजहर दारात येऊन उभा राहिला.

“झूठी,” खाला धाप टाकत म्हणाली. “बचपन की झूठी तू. शुक्र है मालिक का, झूठ बोली! एक घूँट भी नहीं ना?”

“एक पण नाही.”

“कसम खा.”

“अब्बाजानची कसम.”

“तो फिर तेरे को कुच नहीं हुआ.” खालाच्या आवाजातलं ओझं उतरलेलं सबिहाला स्पष्ट ऐकू आलं. “बच गई तू.”

सबिहाच्या डोळ्यांसमोर ती बंद खिडकी होती, आणि गालावरून फिरणारा तो हात.

“हाव, खाला,” ती म्हणाली. “वाचले मी. तुम्ही आता तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या.”

“लेती, लेती. तू फिकर नक्को कर.”

तिने फोन ठेवला. अजहरने विचारलं, “त्यांना सांगितलंस का, डॉक्टर काय म्हणाले ते?”

“नाही,” सबिहा म्हणाली. “आणि तुम्हीही सांगायचं नाही. कधीच.”

मग तिने डब्यातून थर्मामीटर काढला आणि जिभेखाली धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.